शेवटच्या कडव्यातलं नाव

पत्र्याच्या एका डब्यात मी कॅसेटींचे आतले कागद जपून ठेवले आहेत. कॅसेटी गेल्या. एखादीची फीत बुरशीनं चिकटली, एखादीची यंत्रात गुंतून तुटली. कागद तेवढे राहिले, तीन घड्यांचे, कडा पांढुरक्या झालेले. एका अंगाला बाबासाहेबांचा नाहीतर तुकडोजी महाराजांचा फोटो आणि दुसऱ्या अंगाला बारीक अक्षरांत गीत, संगीत, गायक, कोरस. ढोलकी कोणी वाजवली तेही. गाणं चालू असताना मी ते कागद वाचत बसायचो. ढोलकीवाल्याचं नाव ठाऊक असलं की ढोलकी निराळी ऐकू येते, असं तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

नागपूर–हैदराबाद रस्ता आमच्या वडनेरच्या अंगावरून जातो. पूर्वी तो ७ नंबरचा होता, आता ४४. गाणी आमच्याकडे या रस्त्यानंच यायची. ट्रक यायच्या आधी त्याचं गाणं यायचं आणि ट्रक गेल्यावरही थोडं मागे रेंगाळायचं. बाबा दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जात. परतताना पिशवीत पुस्तकं असत आणि एक-दोन कॅसेटी. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजनं ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त केली, आणि मुख्यतः एचएमव्हीच्या हातात असलेला बाजार मोकळा झाला. त्यामुळेच तर प्रल्हाद शिंद्यांचा तो भरदार गळा कापूस वेचणाऱ्यांच्या घरात पोचला. नक्कल तेव्हाही व्हायची. शेजारचा कोरी कॅसेट घेऊन यायचा, आई त्याला चहा करायची, आणि बाबा कागदावरची नावं त्याला वहीत उतरवून द्यायचे.

तिकडे जर्मनीतल्या संशोधकांनी गाण्यातलं कानाला सहसा न जाणवणारं काढून टाकून ते दहा-अकरा पट लहान करायची रीत शोधली. १९९५ मध्ये तिला एमपी३ हे नाव मिळालं. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं नॅपस्टर सुरू केलं आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी उचलू लागली. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ते थांबलं, पण सवय थांबली नाही. जगभर ध्वनिमुद्रित संगीताची विक्री पुढे जवळजवळ पंधरा वर्षं उतरत राहिली.

वडनेरला हे वारं तारेतून आलं नाही, खिशातून आलं. कुणीतरी नागपुरात गाणी उतरवायचा, कुणीतरी ती एसटीनं आणायचा, आणि मोबाइल रिपेरिंगच्या दुकानावर पाटी लागायची : ‘गाणे भरून मिळतील.’ दोन जीबीच्या मेमरी कार्डात साधारण चारशे गाणी मावत. म्हणजे पस्तीस-चाळीस कॅसेटी, नखाएवढ्या तुकड्यात! दुकानासमोर पोरं रांगेनं बसलेली असत. “भाऊ, भीमगीतं टाक, अन् थोडे जुने टाक.” रात्री पारावर दोन मोबाइल शेजारी ठेवून ब्लूटूथवर एकेक गाणं इकडून तिकडे जायचं. ज्याच्या घरी कधी टेपरेकॉर्डर आला नव्हता, त्याच्या खिशात चारशे गाणी आली. मीही भरून घेतलं होतं. तो आनंद खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

कागद मात्र कार्डात मावला नाही. पडद्यावर यायचं ‘ट्रॅक ०७’, ‘नवीन भीमगीत २’, आणि गायकाच्या जागी जिथून गाणं उतरवलं त्या वेबसाइटचं नाव.

आपल्याकडे गाणं वाटून घेणं जुनंच आहे. कीर्तनातून, दिंडीतून, जलशातून गाणी फुकटच फिरली. पण ज्यानं रचलं त्यानं आपलं नाव शेवटच्या कडव्यात विणून ठेवलेलं असायचं. तुकोबांचं ‘तुका म्हणे’, तुकडोजी महाराजांचं ‘तुकड्यादास’, वामनदादा कर्डकांचं नुसतं ‘वामन’. कागद हरवो, फोटो फाटो, गाणाऱ्याच्या तोंडून नाव निघणारच. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. आमच्याकडे कार्डं भरायला लागली ती त्यांच्या माघारी.

शेजारच्या गावचे एक भजनगायक बाबांकडे यायचे. मी त्यांना काका म्हणायचो. एका वर्षीच्या कापसाचा चुकारा घालून त्यांनी नागपुरात एक कॅसेट काढली होती. कार्यक्रमात गळ्यात पिशवी अडकवून ते ती विकत. कार्डं आली आणि पिशवी खुंटीला गेली. दुसरी कॅसेट त्यांनी काढलीच नाही. एका दिवाळीच्या सुमारास आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. एक ट्रॅक्टर आला आणि त्यावर त्यांचंच गाणं वाजत होतं. खाली दणदणता ठेका आणि मधूनच कुणीतरी डीजे स्वतःचं नाव ओरडत होता. काका मान हलवत ऐकत राहिले. धृपद दोनदा झालं, दोन कडवी झाली आणि गाणं तुटून दुसरंच सुरू झालं. “वाजून राह्यलं, बरं वाटते,” ते म्हणाले. “पण माह्यं कडवं कापलं ना गा त्यायनं.” मग विळ्याच्या मुठीवर ताल धरून ते राहिलेलं कडवं त्यांनी स्वतः म्हटलं. ट्रॅक्टर तोवर लांब गेला होता.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत पोटतिडकीनं बोलले होते. मला तो कायदा मोठा वाटतो. पण वाटा पोचवायचा तर तो कुणाचा हे आधी कळलं पाहिजे. काकांसारख्यांचं नुकसान मी पैशात मोजायला बसतो तेव्हा दरवेळी इथेच अडतो. २०१७ मध्ये सारेगामानं पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ नावाचा डबा बाजारात आणला आणि लोकांनी तो हौसेनं विकत घेतला. गाणी भरून देण्याचे पैसे त्या गाण्यांच्या मालकाला मिळू शकतात, हे त्यातून दिसलं. काकांची गाणी ज्यात असतील असा डबा कोण काढणार? तशात २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि कार्डंही मागे पडली.

माझं जुनं कार्ड अजून चालतं. संध्याकाळी मी पत्र्याचा डबा आणि लॅपटॉप घेऊन बसतो. एकेक फाइल ऐकायची, कागदाशी ताडायची, नाव बदलायचं. गीत, संगीत, गायक, ढोलकी. काकांच्या फाइलीला मी राहिलेलं कडवं टाइप करून जोडलं आहे. ‘ट्रॅक ०७’ मात्र सुटत नाही. एका बाईचा आवाज आहे, किंचित घोगरा, खंजिरी फार जवळ वाजते, आणि शेवटचं कडवं अर्ध्यावर तुटलेलं. डब्यात तिचा कागद नाही. परवा शेजारच्या आजीला ऐकवलं. तिनं डोळे मिटले. “हे तं सिंदीकडची बाई होय,” म्हणाली. “आमच्या गावात गायली होती, मी पुढंच बसून होती. नाव पोटात हाये पाय, ओठावर येत नाही. लाव बरं अजून एक डाव.”

मी पुन्हा लावलं.