मुंग्या

जूनमधली गोष्ट. रात्री साडेनऊला आईचा वसईहून फोन. पाऊस, टँकर, शेजारपाजार वगैरे सगळं झाल्यावर जाता जाता म्हणाली, "अरे, सकाळी गीझर लावला की नळाला मुंग्या येतात हल्ली." माझा ऑफिसचा कॉल दुसऱ्या कानात म्यूटवर चालू होता. म्हटलं, "अगं, माझ्या लॅपटॉपलाही येतात. काही होत नाही."

लॅपटॉपचं खरंच आहे हो. चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीवरून मनगट अलगद फिरवून बघा, झिणझिण्या येतील. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला अर्थिंग नसतं आणि आतल्या एका चिमुकल्या कपॅसिटरमधून थोडा करंट झिरपतो. किती, तर साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत. तो त्याहून जास्त देऊच शकत नाही.

गीझरच्या मागे मात्र अख्खे २३० व्होल्ट उभे असतात, आणि त्यांना अडवणारा असा कुठलाही कपॅसिटर नसतो. हे मला ठाऊक होतं. तरी तीन आठवडे डोक्यात प्रकाश पडला नाही! मी बारमाही गार पाण्याने आंघोळ करणारा, त्यामुळे घरी जाऊनही मला ते कधी जाणवलं नसतं.

जुलैत एका शनिवारी गेलो. सहज गीझर लावून नळाला टेस्टर लावला, तर दिवा पेटला. मग लॅपटॉपला लावला. तिथेही पेटला! म्हणजे टेस्टर आमच्यासारखाच, धोका आहे की नाही ते सांगत नाही, नुसती एरर दाखवतो.

वायरमन काकांनी बल्ब लावलेला होल्डर काढला. एक वायर फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये. बल्ब लागला. दुसरी उचलून अर्थच्या भोकात घातली. ठार अंधार. सॉकेट उघडलं तर हिरवी वायर गंजून तुटलेली. आमच्याकडची दमट हवा काय काय खाते, विचारू नका. त्यात टँकरच्या पाण्याने गीझरचं कॉइल फुटलेलं, म्हणजे करंट पाण्यातून आणि जुन्या लोखंडी पाइपातून थेट नळाला.

"आई चपला घालतात का बाथरूममध्ये?" काकांनी विचारलं.

घालते. गुडघेदुखीमुळे, घसरायला नको म्हणून, रबरी. म्हणून नुसत्या मुंग्या. मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

"पण एमसीबी आहे ना?" हा माझा पुढचा (इंजिनिअरी) प्रश्न. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचे स्नायू दहा-पंधरालाच आखडतात, हात सुटत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत मेन पाडतो. आमच्या जुन्या बोर्डात तो नव्हताच.

बाकी घरातल्या कुरबुरींचं मी हल्ली मनातल्या मनात वर्गीकरण करत असतो. मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंदावला, चालू द्या. प्लग हाताला गरम लागला किंवा बोर्डाजवळ मासळीसारखा वास आला, तर मेन बंद. (वसईत हा वास ओळखणं अंमळ कठीण, मान्य आहे. :-)) सगळ्यात वाईट म्हणजे काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद. बहुधा न्यूट्रल सुटलेला असतो, टीव्ही-फ्रिज जातातच. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली होती तेव्हा खबरदारी म्हणून वीज बंद ठेवली, तर आम्ही किती शिव्या घातल्या होत्या! आता तळमजल्यावरच्या मीटरांकडे बघून त्या परत घ्याव्याशा वाटतात.

असो. काकांनी हिरवी वायर जोडली, आरसीसीबी बसवला आणि गीझर लावला. खट्! अख्खं घर बंद. मी खूश. आई वैतागलेली: "नवीन आणलंत तेच खराब निघालं." मग कॉइल बदललं, टेस्टचं बटण दाबून दाखवलं, महिन्यातून एकदा दाब म्हटलं.

काल फोनवर म्हणाली, "ते तुझं खट् रात्री पडलं होतं. मी परत वर केलं."

"तेव्हा काय चालू होतं?"

"काही नाही रे, नुसता फ्रिज. आणि बाहेर पाऊस."

बोर्डाजवळची भिंत ओली आहे का, विचारलं. म्हणाली, थोडीशी. काकांना फोन केलाय, सकाळी ८.२० च्या विरार लोकलने निघतोय.