शेजारची सीट

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, फायटर पायलट व्हायला किती वर्षं लागतात?" मी हिशेब मांडला. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, मग हैदराबादजवळ डुंडीगलच्या अकादमीत साधारण वर्ष, कमिशन मिळाल्यावर बिदरला हॉक जेटवर आणखी वर्षभर. पुढे स्क्वॉड्रनमध्येही शिक्षण चालूच. सहा-एक वर्षं धर, म्हटलं.

उत्तर बरोबर होतं, पण सांगून समाधान झालं नाही.

मी हवाई दलात किरण या प्रशिक्षण जेटवर शिकवायचो. किरणमध्ये दोघं शेजारी बसतात. विद्यार्थी डावीकडे, प्रशिक्षक उजवीकडे, दोघांपुढे एकेक स्टिक. उतरतानाचे शेवटचे काही सेकंद खरे परीक्षेचे. नवा मुलगा नाकासमोरच्याच धावपट्टीकडे बघत राहतो. ती अंगावर धावून येतेसं वाटतं, तो दचकून स्टिक ओढतो आणि विमान टेकायचं सोडून पुन्हा वर उचललं जातं. "लांब बघ, पट्टीच्या पार टोकाला," हे मी किती वेळा म्हटलं असेल! नजर लांब गेली की जमीन किती खाली आहे ते आपसूक कळू लागतं. कुणाची चौथ्या उड्डाणाला जाते, कुणाची चौदाव्या.

साताऱ्याकडच्या एका मुलाचं लँडिंग काही केल्या बसेना. एकदा अलगद उतरायचा, पुढच्या वेळी विमान आदळायचं. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, विमान अलगद टेकायचं तेव्हा माझी दोन बोटं स्टिकवर असायची. हात जवळ ठेवा, पण लावू नका, हे मला तांबरमच्या इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये बजावून शिकवलं होतं. त्या पोराचे तितके दिवस मी खाल्ले, याची टोचणी अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून हात मांडीवर.

घाईची किंमतही आमच्या पिढीने पाहिली. किरणवरून पोरं मिग-२१वर जायची, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने टेकणाऱ्या विमानावर. मध्ये प्रगत जेट ट्रेनरची पायरी हवी, अशी शिफारस १९८२ सालीच झाली होती. हॉकचा करार २००४ मध्ये झाला, विमानं हवाई दलात रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. तोवर ते अंतर पोरांनी उडी मारून ओलांडलं, आणि काही परत आली नाहीत. प्रशिक्षणाचे महिने कमी करू, असं कुणी सहज म्हणालं की मला आजही संताप येतो.

साताऱ्याचा तो मुलगा सोलोला, म्हणजे एकटाच उडायला, निघाला त्या सकाळी मी खाली उतरलो आणि माझ्या सीटचे पट्टे स्वतः आवळून बांधले. सुटा पट्टा स्टिकमध्ये अडकला तर सोडवायला शेजारी कुणी नसतं. दोनदा ओढून पाहिले. मग धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तो उतरायला फायनलवर आला तेव्हा माझा उजवा हात आपोआप मागे सरकत होता. चाकं टेकली, थोडी उडाली, पुन्हा टेकली.

इंजिन बंद करून तो खाली आला. "सर, आज विमान फार हलकं वाटलं."

मी रिकाम्या सीटचे पट्टे सोडायला गेलो.