काकवीची चव, गुळाचा रंग

ऊस गाळून त्याच्या रसाचा गूळ जिथे करतात ते गुऱ्हाळ. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, त्यातही कराड, वाळवा, शिराळा या भागांत, गुऱ्हाळे दिवाळीनंतर पेटतात आणि फाल्गुनाचे ऊन तापू लागले की थंडावतात. या चार महिन्यांत पाहुणे, मित्र, लेकी-जावई यांना गुऱ्हाळावर नेण्याची रीत आहे. आमंत्रण तोंडीच असते. येताना भाजलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याच्या वाट्या आणाव्यात, एवढीच अपेक्षा. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर बनवण्यावर बंदी आली, कारण उष्म्यात ती नासत असे. गुऱ्हाळाचा हंगामही उष्माच ठरवतो. तोडलेल्या उसातली साखर गरमीत लवकर फुटते. असा ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर रस आंबूस होतो आणि गूळ नीट धरत नाही.

चवीची सुरुवात शेतातून होते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. को ८६०३२ ही जात या पट्ट्यात फार दिवसांची ओळखीची. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे आणि तिथून आलेला फुले २६५ हा वाण चोपण जमिनीतही तग धरतो. जमीन मात्र रसात उतरतेच. मुरमाड, निचऱ्याच्या रानातला रस स्वच्छ गोड लागतो. कृष्णाकाठच्या क्षारपड रानातल्या रसाला खारट झाक असते, आणि ती गुळापर्यंत जाते. एकाच उसातही फरक असतो. बुडख्याकडचे कांडे गोड, शेंड्याकडचे मचूळ. म्हणून गुळाचा ऊस तोडताना वाढ्याबरोबर दोन-तीन कांडी जास्तच उडवतात.

पूर्वी ऊस गाळायचे चरक बैल ओढत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला, आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही गावोगाव गेले. आता विजेच्या मोटारीवर चालणारे चरक आहेत. रस हौदात येतो, तिथून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत. काहिलीखाली चुलवाण आणि त्यात वाळलेल्या चिपाडाचा जाळ. एका वेळी काहिलीत शिजणाऱ्या रसाला आदण म्हणतात. एक आदण उतरायला अडीच-तीन तास लागतात, आणि पाहुण्यांची चाखणीही त्याच क्रमाने चालते.

इथे ज्या गुऱ्हाळाचा अनुभव सांगितला आहे ते वाळवा तालुक्यातले, प्रस्तुत लेखकाच्या वर्गमित्राचे. जानेवारीतल्या एका रविवारी साताऱ्याहून लेखकाचे कुटुंब आणि सांगलीहून दोन मित्रांची कुटुंबे अशी चौदा माणसे तिथे जमली. पहिला मान रसाचा. आले आणि लिंबू घालून तांब्याने रस वाटला गेला. लेखकाच्या आत्याने मात्र लिंबाशिवायचा मागितला, कारण लिंबाने उसाची स्वतःची चव झाकते असे तिचे मत. ते खरे आहे. ज्याला रान ओळखायचे आहे त्याने पहिला पेला निव्वळ रसाचाच घ्यावा.

रस तापू लागला की चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या खोडाचे बुळबुळीत पाणी त्यात सोडतात. त्याने मळी वर येते आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ती झाऱ्याने काढत राहतो. सगळा स्वच्छ गूळ या अर्ध्या तासातल्या कष्टावर उभा असतो. मळी नीट निघाली नाही तर पुढे कितीही कसब लावले तरी गूळ मळकटच राहतो. मळी निघाल्यानंतरच्या उकळत्या रसाची वाटीभर चव घेतली, तर गवताचा कच्चा वास गेलेला आणि गोडी उघडी पडलेली कळते.

मग काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा आटवलेला रस. रस १०५-१०६ अंशांवर आला की ती काढतात. मुले ताटल्या घेऊन काहिलीकडे धावली तेव्हा गुळव्याने हात आडवा धरला. “पावणं, जरा दम धरा. पोरास्नी मागं घ्या, भाजंल.” मग त्याने ओगराळ्याने काकवी घमेल्यात ओतली, घमेले सावलीत ठेवले आणि ती कोमट होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर तूप आणि तुपावर ती काकवी. तांबूस, मधापेक्षा पातळ, आणि गिळल्यानंतर घशात रेंगाळणारी किंचित कडसर खमंगाई. ही खमंगाई आटण्यातून येते. उष्णतेने रसातली फुटलेली साखर आणि प्रथिनांचे अंश यांची एकमेकांशी रासायनिक प्रक्रिया होते, त्यातून रंग आणि वास दोन्ही तयार होतात. दुकानातल्या बाटलीतली काकवी वर्षभर टिकते, पण तो वास पहिल्या दिवशी असतो तसा तिच्यात राहत नाही.

शेवटी गूळ. ११६ ते ११८ अंशांच्या दरम्यान पाक येतो. गुळव्या तापमापक वापरत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि गोळी पाण्याच्या भांड्याच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकतो. मग सगळे मिळून काहील वाफ्यात रिकामी करतात आणि निवत आलेला गूळ लाकडी फावड्याने घोटतात. या क्षणी उसाचे सोललेले कांडे त्यात बुडवून फिरवले की गरम गुळाचा चिवट गोळा त्याला लपेटतो. शेंगदाणे आणि खोबरे यासाठीच आणलेले असते. त्या दिवशीचा गूळ तांबडा-काळपट उतरला. गुऱ्हाळमालकाने भेंडी आणि चुन्याशिवाय काही घातले नव्हते. चौदाही जणांना तो आवडला, आणि सांगलीच्या एका वहिनींनी दहा किलोचा एक रवा, म्हणजे ढेप, लगेच बांधून घेतला.

त्याच गुळाचे पुढे बाजारात जे झाले ते इथे सविस्तर नोंदवले पाहिजे. त्या आठवड्याचा बारा क्विंटल गूळ घेऊन गुऱ्हाळमालक मित्र एका बाजार समितीच्या आवारात गेला, आणि लेखक सोबत होता. पूर्वी गुळाचे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत. आता बोली उघड लागते. आवारात रवे ओळीने मांडलेले होते. खरेदीदारांचा घोळका ओळीतून चालत येई, हमाल रव्यावरचे फडके बाजूला करी, कोणीतरी सुरीने कोपरा काढी, तो उजेडात धरला जाई आणि बोली सुरू होई. शेजारच्या ओळीतला गूळ पिवळाधमक होता. त्याची बोली चढत गेली. मित्राच्या ओळीपाशी घोळका आला, कोपरा निघाला, उजेडात धरला गेला, आणि एक शब्द पडला: “काळा.” बोली क्विंटलमागे चारशे रुपये कमीवर थांबली. सुरीने काढलेला तो तुकडा कोणी तोंडात घातला नाही. तो खाली पडला आणि पुढच्या माणसाची चप्पल त्यावरून गेली.

मित्राने हरकत घेतली. “चाखून तरी बघा की, मालक.” खरेदीदाराचे उत्तर शांत होते. गिऱ्हाईक पिवळा मागते, मुंबई-गुजरातकडे काळा चालत नाही, त्याला चाखून काय करायचे. बारा क्विंटलवर चारशेने अठ्ठेचाळीसशे रुपये गेले. त्याहून जास्त सलते ते हे की खाण्याच्या वस्तूचा भाव ठरताना ती खाल्लीच गेली नाही. लेखकाने शेजारच्या ओळीतला पिवळा तुकडा मागून घेतला आणि चाखला. गोड होता, कणीदार होता, आणि गोडीनंतर जिभेवर काही उरत नव्हते. साखर मिसळलेल्या गुळाची ही खूण जाणकार सांगतात. ती साखर त्या गुळात होती असे चाचणीवाचून म्हणता येत नाही. पण जिभेने तेच सांगितले.

पिवळेपणा आणण्याच्या वाटा गुऱ्हाळांवर सर्वांना माहीत आहेत. एक म्हणजे रसात साखर टाकणे, दुसरी म्हणजे हायड्रॉस. हे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उडवणारे रसायन. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार गुळातले सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. मूठभर पूड अंदाजाने टाकणाऱ्या गुऱ्हाळावर ही मर्यादा कोण मोजणार? दोष केवळ टाकणाऱ्याला देणे मात्र अन्यायाचे आहे. ज्या बाजारात रंगाला चारशे रुपये मिळतात आणि चवीला काही नाही, तिथे पूड न टाकणारा स्वतःच्या खिशातून प्रामाणिकपणाची किंमत भरतो. जगातला निम्म्याहून अधिक गूळ भारतात होतो. जपानच्या ओकिनावा बेटांवर कोकुतो ही गुळासारखी गडद साखर तिच्या काळेपणासकट मानाने विकली जाते. इथे तोच रंग कमी प्रतीचा.

या अनुभवानंतर लेखकाच्या घरी काळा गूळ हाच खरा गूळ असे ठरून गेले. ते टिकले नाही. पुढच्या वर्षी त्याच सुमारास साताऱ्यात घरीच एका स्टीलच्या ताटात चार ठिकाणचे गूळ मांडले गेले आणि डोळे मिटून चाखले गेले. दोन काळे, एक तांबूस, एक पिवळा. आत्याने सर्वांत वाईट ठरवला तो काळ्यांपैकीच एक निघाला. तो नदीकाठच्या चोपण रानातला होता, खारट आणि पाणी सुटलेला. लोळलेल्या उसाचा, नत्र जास्त दिलेल्या उसाचा किंवा काहिलीला लागलेल्या रसाचा गूळही काळाच होतो. पिवळा पहिला आला नाही, पण शेवटचाही नव्हता. कराडजवळच्या मुरमाड माळावरच्या उसाचा, मळी नीट काढलेला गूळ काही न घालताही उजळ उतरू शकतो. म्हणजे रंगावरून भाव करणारा खरेदीदार चुकला होता, आणि रंगावरूनच त्याच्या उलट निकाल देणारे हे घरही. खरेदीदाराबद्दलचा राग त्यामुळे कमी झाला असे मात्र नाही. त्याच्या हातात तुकडा होता.

संक्रांतीला लेखकाच्या आईने तिळगुळासाठी पिवळाच गूळ मागितला, कारण वाटताना लाडू काळे दिसू नयेत. उरलेला अर्धा रवा आणि वहिनींनी पाठवलेला काळ्या गुळाचा तुकडा एकाच कोठीत राहिला. हायड्रॉसने उडवलेला रंग काही महिन्यांत परत येतो. भाद्रपदात मोदकांसाठी डबे उघडले तेव्हा पिवळा गूळ तपकिरी झाला होता आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोणता कोणाचा हे चाखल्याशिवाय सांगता आले नाही.