नाव-पत्त्यासह

परळ आणि नायगाव यांच्यामधल्या भोईवाड्यात वाढलेल्या पिढ्यांची पत्राशी पहिली ओळख पोस्टकार्डाने झाली. १ जुलै १८७९ रोजी भारतात सुरू झालेले हे कार्ड तेव्हा एका पैशाला मिळे. गिरणीत कामाला आलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस त्यावरच गावाकडे खुशाली कळवी. गावाहून उत्तर आले की चाळीतले शाळकरी पोर ते मोठ्याने वाचून दाखवी. कार्ड उघडेच असे, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावे. त्यामुळे लिहिणारा शब्द जपून वापरी. शेवटी सही, उजव्या अंगाला पत्ता आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून त्याखाली पिनकोडचे सहा आकडे. ही पिनकोडची योजना टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची.

वाचून दाखवणारे पोर मोठे झाले की पुष्कळदा त्याच कार्डावर वर्तमानपत्राला पत्र लिहू लागे. नळाला पाणी नाही, दिवे बंद आहेत, बसथांबा हलवला, असे विषय असत. या पत्रलेखकांची संघटनाही मुंबईत उभी राहिली: दादरचा मराठी वृत्तपत्र लेखक संघ. पत्र मोठे असले तर संपादक कात्री लावत, पण खाली पूर्ण नाव आणि पत्ता हवाच, ही अट मात्र सोडत नसत. छापील मजकुराला जबाबदार माणूस हवा, एवढाच तिचा अर्थ. अफवा आणि दंगलींच्या काळात शांतता राखू पाहणाऱ्या लोकचळवळीचे सगळे बळही याच अटीत आहे.

महाराष्ट्रात लेखणीने शांतता जपण्याची वाट साने गुरुजींनी आधीच घालून दिली होती. गांधीजींच्या हत्येनंतर राज्यात जाळपोळ झाली. मनामनांतले विष पाहून त्यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये २१ दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून घरोघरी वाचली गेली. घरातल्या मुलीला लिहावे इतक्या जिव्हाळ्याने ते देशाशी बोलत, म्हणूनच वाचणाऱ्याला ते पत्र आपल्याला आले आहे असे वाटे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये नावानिशी लिहिलेल्या शब्दाची खरी कसोटी लागली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईच्या हिंदू-मुस्लिम दंगलींत ९०० माणसे मेली. वृत्तपत्रांतल्या चिथावणीखोर लिखाणाचीही आयोगाने नोंद घेतली. समुद्रातून शस्त्रांच्या बोटी येणार, या अफवेने वाड्यावाड्यांत रात्रभर पहारे बसले. बोट कुणी पाहिली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. अफवेला ना नाव असते ना पत्ता. ती ‘असे म्हणतात’ एवढ्यावर चालते. तिला पुरून उरतो तो ‘मी पाहिले, मी इथेच राहतो’ असे सही करून सांगणारा माणूस.

दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने, रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले. भिवंडीत हा प्रयोग पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून केला होता, आणि मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी ‘हम सब एक हैं’ हे भित्तिपत्रक काढले. चार धर्मांच्या पोशाखातली चार मुले एवढेच त्यात होते. त्यांच्या कामावर अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. भित्तिपत्रक पोलीस चौकीत, दुकानात, शाळेत लागे, आणि ते लावणारे दोघे वस्तीत सर्वांच्या ओळखीचे होते.

हातातले कार्ड जाऊन फोन आला, तशी अफवाही तिथे आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. वेग त्याने कमी झाला. मजकूर कुणाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून शांततेसाठी पत्र लिहिणाऱ्याने पूर्वीचीच शिस्त पाळावी. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर संपादक एकही छापत नाही. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या गल्लीत घडलेले लिहावे. कोणी कोणाला घरात आसरा दिला, कोणाचे दुकान कोणी राखले, हे तारीख-वारासह सांगावे. ऐकीव गोष्ट लिहू नये. शक्य तिथे दोन्ही समाजांच्या माणसांनी एकत्र सही करावी. छापून आलेले पत्र मंडळाच्या फळ्यावर, मशिदीच्या दारात आणि पोलीस ठाण्यात पोचवावे. फोनवर पाठवायचे झाले तरी तळाशी नाव आणि वस्ती लिहावी. ज्याचे घर लोकांना माहीत आहे, त्याच्याकडे जाऊन खरेखोटे करता येते. आणि तेवढ्या वेळात उगारलेला हात थांबवता येतो.