तिरपा उजेड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जामखेडच्या घरी रात्री नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला, कळ दाबली आणि पडदा काळाच राहिला. कळेजवळचा बारीक दिवा तेवढा लागला. चार्जर काढून पुन्हा लावला, झाकण मिटून उघडले, तरी तेच. त्या काळ्या काचेत माझाच चेहरा मला दिसत होता.

यंत्र दहा वर्षांचे जुने होते, त्याचे दुःख नव्हते. आत आईच्या आठवणी होत्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर बायकांना हाताशी धरून त्यांनी ग्राम आरोग्य सेविका घडवल्या. माझी आई त्यांतलीच एक. आता तिचे वय झाले आहे. दोन वर्षे रोज संध्याकाळी ती सांगत होती आणि मी टंकत होतो. सव्वाशे पाने झाली होती. विद्यार्थ्यांना हस्तलिखितांच्या जतनाचे महत्त्व पटवून देणाऱ्या मराठीच्या या प्राध्यापकाने त्या पानांची दुसरी प्रत मात्र ठेवली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

नगरच्या एका दुकानात फोन केला. (2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेवरचे नाव अजून जुनेच आहे.) माझे बोलणे पुरते होण्याआधीच उत्तर आले, "मदरबोर्ड गेला असणार सर, आता नवाच घ्या." सुमारे पाऊणशे किलोमीटरवरून, रोग्याला न पाहता केलेले हे निदान मी निमूटपणे मान्यही केले. आई दारात येऊन उभी होती.

"काय झालं रं?"

"लॅपटॉप मेला गं."

"श्वास बघितला का?"

हा प्रश्न तिच्या तोंडात चाळीस वर्षे आहे. तापाने फणफणलेले मूल समोर आले की आधी त्याचे श्वास मोजायचे. जुलाब होत असतील तर पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती सावकाश मागे जाते ते पाहायचे. नाव देणे नंतर, पाहणे आधी.

मी लॅपटॉपला कान लावला. आत पंखा फिरत होता. कॅप्स लॉकची कळ दाबली, तिचा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. म्हणजे यंत्र जागे होते, हाकेला ओ देत होते. पडद्याचा उजेड वाढवणाऱ्या कळा दाबल्या, उपयोग झाला नाही. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरली; आत साचून राहिलेली वीज त्याने निघून जाते आणि कधी कधी तेवढ्यानेच भागते. येथे भागले नाही.

मग एक गोष्ट आठवली. अशा पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. द्रवस्फटिकांचा थर चित्र घडवतो आणि त्याच्या मागे बसवलेले दिवे ते आपल्याला दाखवतात. मागचे दिवे गेले तरी पुढचे चित्र शाबूत असू शकते. आईची विजेरी घेतली, खोलीतला दिवा मालवला आणि पडद्यावर बाजूने तिरपा झोत टाकला. आधी धूळ दिसली, मग बोटांचे ठसे, आणि त्यांच्याही खाली, नदीच्या पाण्यातल्या खड्यांसारखी फिकट, अक्षरे. संकेतशब्दाची चौकट माझी वाट पाहत होती.

मी ओरडलोच. आईला नवल वाटले नाही. ती म्हणाली, "मला अक्षरं वळखता येत नव्हती, तवा काय पुस्तक कोरं होतं व्हय?"

वर्गात मी वर्षानुवर्षे दुर्बोध कवितेविषयी बोलत आलो आहे. कवितेत काही नाही, असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा मी हसतो. त्या रात्री मीही तेच म्हटले होते, आणि त्यांच्याहून अधिक खात्रीने.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातला एक जुना मॉनिटर केबलने जोडला आणि सव्वाशे पाने त्यावर उजळली. आधी त्यांच्या दोन प्रती काढल्या, मगच लॅपटॉप दुरुस्तीला दिला. बसस्थानकाजवळच्या तरुण कारागिराने झाकण उघडून दाखवले: बिजागरीतून जाणारी केबल वर्षानुवर्षांच्या उघडझापीने झिजली होती. चित्राच्या तारा धड होत्या, मागच्या दिव्यांना वीज नेणारी तुटली होती. तिरप्या उजेडातही काही दिसले नसते तर त्याने आधी रॅमची पट्टी काढून, तिचे संपर्कबिंदू खोडरबराने पुसून पुन्हा बसवली असती, हेही त्याने समजावून सांगितले. ज्ञान असे मोकळ्या हाताने देणारी माणसे पाहिली की मला मुक्ताबाई पोळ आठवतात. जामखेडच्या या आरोग्य सेविकेने 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉक्टरांना महागड्या झुंबरांची आणि स्वतःला साध्या दिव्याची उपमा दिली होती. दिवा दिव्याला लावता येतो, झुंबराला ते जमत नाही, असा तिचा आशय होता. आता माझ्या वर्गातल्या मुलांनाही विजेरीची ही परीक्षा ठाऊक झाली आहे.

छापलेली एक प्रत आईच्या उशाशी असते. प्रौढपणी शिकलेली अक्षरे बोटाखाली धरून ती सावकाश वाचते. पहिल्याच पानावर तिने माझी एक चूक काढली.