सम त्याची, ठेका माझा

वारकरी कीर्तनात पखवाज वाजवणाऱ्याला आधी फारसं काही ठाऊक नसतं. आज कोणत्या संतांचा अभंग चिंतनाला येईल, गायनाचार्य कोणती चाल लावतील, बुवा कोणत्या चरणावर रेंगाळतील आणि कुठून एकाएकी गजर उठवतील, यातलं काहीच ठरवून सांगितलेलं नसतं. तालीम नसते. पुष्कळदा कीर्तनकारांची आणि आमची पहिली गाठ नारदाच्या गादीपाशीच पडते. एकमेकांच्या पाया पडणं होतं, वीणा झंकारते, ‘रामकृष्णहरी’ सुरू होतं आणि पुढचे दोन तास आमचे हात त्यांच्या स्वाधीन. देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मला पोथीआधी या वाद्याने शिकवलं.

वाजवण्यापूर्वी पखवाज लावावा लागतो. गव्हाची कणीक मळून डाव्या पुडीच्या मधोमध थापायची. ती कमी पडली तर आवाज चढा राहतो, जास्त झाली तर दबतो. उजवी बाजू हातोडीने ठोकत, गठ्ठे सारत सुराला मिळवायची. हवा दमट असली की पुडी उतरते, आणि वारी तर ऐन पावसाळ्यातली. त्यामुळे दिंडीत मृदंगवाल्याची सकाळ बहुतेक या खटपटीत जाते. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी मळायची, कालची चालत नाही.

श्रीवैष्णव आचार्यांनी पांचरात्र ग्रंथांच्या आधाराने शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत. देवाला रुचेल ते करण्याचा निश्चय, त्याला न रुचेल ते टाळणं, तो राखील हा विश्वास, त्यालाच राखणारा म्हणून वरणं, स्वतःला त्याच्या हवाली करणं आणि आपलं दीनपण ओळखणं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. विश्वास तिसरा येतो, समर्पण पाचवं. त्याआधीची दोन अंगं कष्टाची आहेत. कणीक मळल्याशिवाय, सूर मिळवल्याशिवाय ‘देवा, तूच वाजवून घे’ असं म्हणायला तोंड नसतं.

दुसरं अंग तर मृदंगवाल्याला रोज छळतं. हात तयार झाला की त्याला बोलायची घाई होते. नाना पानसे यांच्यासारख्या थोर वादकांनी पखवाजाला परणांचं केवढं वैभव देऊन ठेवलं आहे, ते शिकलेला हात गप्प बसत नाही. पण अभंगाचा चरण चालू असताना मृदंगाने शब्द झाकायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. तुकोबांचा शब्द मागच्या ओळीत बसलेल्या म्हातारीपर्यंत पोहोचला पाहिजे. चढत्या लग्गीला मंडपातून दाद मिळते, साध्या भजनी ठेक्याला कोणी मान वळवूनही पाहत नाही. तरीही कीर्तन उभं राहतं ते त्या साध्या ठेक्यावर. आपल्याला येतं ते सगळं प्रसंगाच्या मर्जीवर सोडून द्यायचं, ही माझ्या लेखी रोजची पूजा आहे.

भजनी ठेका आठ मात्रांचा. गायक कधी कधी अशी झेप घेतो की तो आवर्तन सोडून कुठेतरी निघून गेला असं वाटतं. नवशिका वादक अशा वेळी घाबरतो आणि त्याच्यामागे धावतो. मग दोघेही वाट चुकतात. जाणता वादक ठेका हलू देत नाही. गायक कोणत्या वाटेने परतेल हे त्यालाही माहीत नसतं, पण तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणार याबद्दल त्याच्या हाताला शंका नसते. ही खात्री सांगून देता येत नाही. शेकडो वेळा सम आलेली अनुभवावी लागते, तेव्हा कुठे ती मनगटात उतरते. ‘तो राखील’ हा विश्वासही असाच हळूहळू मुरतो.

वाल्मीकि रामायणात बिभीषण शरण येतो तेव्हा सुग्रीवाला संशय येतो. शत्रूचा भाऊ, कसा घ्यायचा आपल्यात? राम सांगतात की ‘मी तुझा आहे’ असं एकदा म्हणत जो आला त्याला अभय देणं हे माझं व्रत आहे. एकदाच! हे वाचून मला पूर्वी प्रश्न पडायचा की एकदा पुरत असेल तर आपण रोज काकडा, हरिपाठ, कीर्तन कशाला करतो? आता वाटतं, त्याच्या बाजूने एकदाच पुरतं. आपल्या बाजूने रोज लागतं, कारण त्याने दिलेला शब्द तो विसरत नाही, आपण दिलेला आपण दुपारपर्यंत विसरतो. आपण किती करायचं आणि देवाने किती, या प्रश्नावर दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ झाले. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं तसं भक्ताने देवाला धरावं, असं वडकलै म्हणतात. मांजरी पिल्लाला स्वतः उचलून नेते, तसा देवच भक्ताला नेतो, असं तेंकलै म्हणतात. मला हे दोघे एकाच आवर्तनात भेटतात. ठेका धरून ठेवणं माझं, सम आणून देणं त्याचं.

पण या विश्वासाची खरी कसोटी मंडपात लागत नाही. आमच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याचा तरणा मुलगा गेला. वर्षश्राद्धाला घरापुढे कीर्तन ठेवलं होतं. बाप नेहमीसारखा टाळ गळ्यात घालून रांगेत उभा राहिला. सुरुवातीलाच माझ्याजवळ येऊन म्हणाला, “माउली, आज ठाय लयीत घ्या. पायात बळ नाही.” मी लय खाली ठेवली. त्याचा टाळ सारखा मागे पडत होता. त्याला ओढून लयीत आणायचं नाही, असं मी ठरवलं. गायकही समजले. सगळं कीर्तन त्याच्या पावलांनी चाललं. सहावं अंग, दीनपण ओळखणं, याचा अर्थ मी त्या रात्री पाहिला. त्याने दुःख झाकलं नव्हतं, देवाची समजूत काढली नव्हती. जमत नाही, एवढंच सांगितलं होतं आणि तरीही तो रांगेत उभा होता.

पुढे एकदा तो मला म्हणाला, “इठ्ठलाशी भांडतोच की मी. पण भांडायला जातो कुणाकडं? त्याच्याकडंच.” यात मला कमतरता दिसत नाही. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलावर रुसले, त्याला टाकून बोलले, आणि वारकऱ्यांनी ते बोलणंही अभंग म्हणून जपलं. ज्याच्यावरचा भरवसा उडाला त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही.

म्हणूनच शरणागती म्हणजे मुकाट सोसणं, असं कोणी म्हणालं की मला चोखोबा आठवतात. देवळाच्या आत पाऊल टाकू न दिलेला हा भक्त मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामात भिंत कोसळून गेला. इ.स. 1338 हे त्यांच्या निर्वाणाचं वर्ष मानतात. पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. विठ्ठलाला त्यांनी सर्वस्व दिलं, पण आपल्याला हीन ठरवणाऱ्या रीतीला होकार दिला नाही. त्यांच्या अभंगांत तो सवाल आजही धगधगतो. त्यांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा सवाल तर त्याहून तिखट. पुढे 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि ते दार सर्वांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. एकाच्या पायांशी पुरतं वाकलेला माणूस बाकी कुणापुढे वाकायला बांधील राहत नाही. त्या वाकण्यात हे केवढं तरी बळ आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी शरणागतीवर प्रवचन देत नाही. आधी नुसता ठेका वाजवून घेतो, पुष्कळ दिवस. त्यांना परण हवं असतं, ते मी देतो, पण ठेका पक्का झाल्यावर. एखाद्याचा हात जड असतो, महिनोन्‌महिने सरकत नाही. त्यालाही मी टाळ देऊन रांगेत उभा करतो, कारण कीर्तनात जागा प्रत्येकाला आहे.

देवावर भार टाकावासा वाटतो पण जमत नाही, असं बरेच जण मला सांगतात. त्यांनी मोठ्या संकटाची वाट पाहू नये. संकटात माणूस नवं काही शिकत नाही, शिकलेलंच कामी येतं. आज हातात असलेलं एखादं लहानसं काम घ्यावं, ते जीव ओतून नीट करावं आणि त्याचं काय व्हायचं ते देवावर सोडावं. उद्या पुन्हा तेच करावं. मग वाईट दिवस आला तर मन घाबरेल, रडेल, भांडेल, पण कुणाकडे जायचं हे त्याला विचारावं लागणार नाही.