आप्पांचा चष्मा

बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही. थोरले बंधू आप्पा अंगणात पडले, खुब्याचे हाड मोडले आणि आम्ही अकरा दिवस एका रुग्णालयात काढले. नाव-गाव सांगत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, बिलातही काही वावगे नव्हते. तक्रार वेगळीच आहे.

आप्पांचे वय ८४. शस्त्रक्रियेआधी त्यांचा चष्मा, कवळी आणि कानातले यंत्र काढून एका पिशवीत माझ्या हाती दिले. ते काढावेच लागते, मान्य. पण नंतरही "हरवेल, तुमच्याकडेच ठेवा" असे सांगितले. आता ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि दातांवाचून ज्याचे बोलणे कुणाला कळत नाही, असा माणूस रात्री अनोळखी खोलीत जागा झाला तर काय करील? आप्पांनी सलाईनची सुई उपसली. मग त्यांचे हात पट्टीने पलंगाला बांधले. सकाळी राऊंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी त्यांच्यादेखत मला विचारले, "यांना आधीपासूनच काही समजत नाही का?" पस्तीस वर्षे सोसायटीचा हिशेब पैचीही चूक न करता लिहिणाऱ्या माणसाबद्दल हा प्रश्न!

शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा तात्पुरता भ्रम होतो, त्याला डिलिरियम म्हणतात. चष्मा आणि यंत्र परत द्यावे, ओळखीचे माणूस जवळ बसवावे, रात्रीची झोप मोडू नये, आज वार कोणता ते सांगत राहावे, हे उपाय डॉक्टरांच्याच पुस्तकांत आहेत. मान राखणे इथे औषधपाण्यातच मोडते.

चौथ्या रात्री ड्युटीवर आलेली सिस्टर आमच्या धडगावकडची निघाली. घरची भाषा पावरी, अहिराणी नंदुरबारला शिकताना उचललेली. तिने माझ्याकडून यंत्र मागून घेतले, आप्पांच्या कानात बसवले आणि वाकून विचारले, "आप्पा, कोठे दुखस?" आप्पांचे डोळे भरून आले. डॉक्टरांना फोन करून तिने पट्टी सोडली. पॉट देण्याआधी पडदा ओढला, हात लावण्याआधी विचारले. दोन दिवसांनी आप्पांनी पेपर मागितला आणि बातम्यांवर चिडलेसुद्धा. तेव्हा मला हायसे वाटले.

मी धडगाव तालुक्यात बरीच वर्षे शिकवले. तिथला पावरा आजोबा मास्तरला काय, कलेक्टरलाही 'तू' म्हणतो. त्यात अनादर नसतो, त्याची बोलण्याची रीतच ती. सातपुड्यातल्या पाड्यांवरून अशा माणसांना बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. मग दवाखान्यात कुणी पोरगेले "ए बाबा, तू तिकडे बस" म्हणते. शब्द तोच, पण हा 'तू' वरून खाली पडतो. आप्पांना निदान वहिनी होत्या, मी होतो, पुतण्या होता. झोळीतून आलेल्या आजोबांच्या वतीने कोण भांडणार?

कायदा आहे बरे का. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २०व्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, शक्यतो खाट आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी राखीव सोय सांगितली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात खासगीपणा आणि मानवी प्रतिष्ठा हा हक्क स्वतंत्रपणे नोंदला आहे. आपल्या नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेव्हा उद्याचे डॉक्टर इथेच घडत आहेत. त्यांना पहिल्याच वर्षी थोडी अहिराणी, थोडी पावरी शिकवावी असे या निवृत्त मास्तरला वाटते. कायद्यात चष्मा कुठे असणार म्हणा!

असो. आप्पा आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. परवा त्यांनी मला एक चिठ्ठी लिहायला लावली, पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर खिशात ठेवायला. कवळी आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही. चष्म्याशिवाय माणूस ओळखता येत नाही. अहिराणीत बोलावे. मी खाली 'कृपया' लिहिले, तर म्हणाले, "ते वर लिही, पहिल्या ओळीत." मग चिठ्ठी पुन्हा लिहिली.